ड्रेस्डेनला मंदाकडे, फोनच्या भरवशावर

मी जर्मनीला गेले ती जर्मनी बघायला नव्हे, मंदाला भेटायला. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना परदेशात कुठली ॲप्स लागतात एवढंच हवं आहे, त्यांनी मंदाचे परिच्छेद गाळून पुढे जावं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गाळून पुढे जाणाऱ्यांची मला सवय आहे.

मंदा आणि मी नागपूरच्या हॉस्टेलात एका खोलीत राहायचो. ती भंडाऱ्याची, मी वणीची. सुट्टीत ती आमच्याकडे यायची ती कधीच कळवून नाही. एसटीतून उतरायची, चालत घरी यायची, दारात बॅग टाकायची आणि आईला सांगायची, "काकू, आठ दिवस आहे." आई म्हणायची, "आठच?" पुढे लग्न होऊन मंदा ड्रेस्डेनला गेली आणि तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागली. कॉम्प्युटरच्या चिप, बटाट्याच्या नव्हे. आधी पत्रं यायची, मग ईमेल, मग वाढदिवसाचे चार शब्द, आणि गेली काही वर्षं नुसते केकचे आणि फुलांचे स्टिकर. त्या स्टिकरच्या मागे मंदा अजून आहे का, हे मला बघायचं होतं. आई गेल्यापासून घरात मी एकटीच असते, आणि मला 'ज्यो' म्हणणारं मंदाशिवाय कोणी उरलेलं नाही.

धाकटा भाऊ मिलिंद डार्मश्टाटला एका औषध कंपनीत संशोधन करतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे उतरले. पहिल्याच रविवारी तिथल्या आपल्या मंडळींची बुद्धवंदना होती, भाड्याच्या एका सभागृहात. वंदना झाल्यावर डबे उघडले, आणि मिलिंदने कोपऱ्यात बसून माझा फोन हातात घेतला.

"ताई, भारतातलं सिम काढायचं नाही," तो म्हणाला. "इंटरनेट इथल्या ई-सिमवर घ्यायचं. पण बँकेचा ओटीपी तुझ्या जुन्याच नंबरवर येणार. लोक सिम काढून डब्यात ठेवतात आणि मग कार्ड चालत नाही म्हणून बोंबलत बसतात."

हा या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला समजा. निघण्याआधी भारतात रोमिंग सुरू करून घ्या, म्हणजे मेसेज तरी येतात. मग त्याने रेल्वेचं ॲप घातलं आणि त्यातच डॉइचलांड-टिकीट. साधारण साठ युरोत महिनाभर देशातल्या सगळ्या साध्या गाड्या, ट्राम, बस. मात्र झपकन जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हे तिकीट चालत नाही, म्हणून ॲपमध्ये 'फक्त लोकल वाहतूक' ही खूण करून ठेवायची, नाहीतर ते तुम्हाला खुशाल भलत्याच गाडीत बसवतं. नकाशा उतरवून घेतला, भाषांतराच्या ॲपमध्ये जर्मन भाषा उतरवून घेतली, म्हणजे रेंज गेली तरी दोन्ही चालतात. जर्मन शिकायचं ॲप माझ्याकडे आधीपासून होतं. नागपूरला दोन महिने रोज भाजी शिजेपर्यंत मी त्याचे धडे करत होते. मी राहते, तू राहतेस, ती राहते. इश ब्लाइबं, डू ब्लाइब्स्ट, झी ब्लाइब्ट. मिलिंद हसला, पण ठेव म्हणाला.

"आणि हॉटेलचं ॲप," तो म्हणाला. "ड्रेस्डेनला कुठलं बुक केलंस?"

"मंदाकडे चालले आहे मी. हॉटेल कशाला?"

"तिने 'रहा' म्हटलंय?"

"हे काय म्हणावं लागतं का?"

मंदाने मला कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवलं होतं, ते मी त्याला दाखवलं. 'काफे मिट ज्योती', म्हणजे ज्योतीबरोबर कॉफी, गुरुवारी दुपारी तीन ते पाच. मला ते गोड वाटलं होतं. पाच कशाला लिहिलंय याचा अर्थ मी मनाशी लावून घेतला होता, कॅलेंडरला शेवट द्यावाच लागतो, त्याशिवाय ते घेतच नाही. "ताई, इथे लोक..." मिलिंद म्हणाला आणि पुन्हा माझ्या फोनकडे वळला. हॉटेलचं ॲप मात्र त्याने घालून दिलंच. मी बॅगेत गाऊन, टॉवेल, दोन दिवसांचे कपडे आणि मंदासाठी सावजी मसाल्याची मोठी पुडी भरली.

गुरुवारी पहाटे निघाले. साध्या गाड्यांनी डार्मश्टाट ते ड्रेस्डेन म्हणजे जवळपास अख्खा दिवस जातो, चार ठिकाणी बदलावं लागतं. घाई असेल तर महिनाभर आधी जलद गाडीचं तिकीट काढा, स्वस्त मिळतं. मला घाई नव्हती, मला खिडकी हवी होती. फ्रांकफुर्टच्या पुढे धुकं होतं, मग टेकड्या आणि झाडांचा पिवळा रंग, मग परत धुकं. डब्यात सगळे आपापल्या फोनमध्ये. तपासनीस आला, त्याने माझ्या फोनवरचा चौकोन यंत्राने टिपला आणि "आउसवाइस, बिटं" म्हणाला, म्हणजे ओळखपत्र. तिकिटावर आपलं नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ लागतो. आपली माणसं पासपोर्ट घरी कपाटात कुलूप लावून येतात, हरवू नये म्हणून. तसं करू नका.

पुढे थुरिंगियात मी माती खाल्ली. तिथल्या काही गाड्यांचे वाटेत दोन तुकडे होतात, पुढचे डबे एकीकडे जातात, मागचे दुसरीकडे. ॲपमध्ये हे लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. कुठल्या डब्यांत बसायचं तेही असतं. मी मस्त मागच्या डब्यात बसून डबा खात होते. घोषणा झाली तेव्हा भाषांतराच्या ॲपचा माइक चालू केला, तर त्याने खडखडाटातून 'प्रिय प्रवासी, मागचा भाग' एवढंच पकडलं आणि हार मानली. सायकल घेऊन उभा असलेला एक म्हातारा हातवारे करून काहीतरी सांगत होता. तो मला हाक मारतोय हे कळेपर्यंत गाडी सुटली होती आणि पुढचे डबे दुसऱ्या रुळावरून चालले होते. एका शेतातल्या स्टेशनावर उतरले. तिथे एक बाक, एक तिकिटाचं यंत्र आणि मी. परतीच्या गाडीला बराच वेळ होता. घोषणेपेक्षा डब्यावरची पाटी वाचायची, आणि कोणी हातवारे केले तर उठायचं, हे मी तिथे शिकले.

मंदाला कळवलं, "गाडी चुकली, चार वाजतील."

लगेच उत्तर आलं, "काइन प्रोब्लेम! पाचपर्यंत आहेच मी."

'आहेच मी' हे मी दोनदा वाचलं. किती आपलेपणाने लिहिलंय, असं वाटलं.

ड्रेस्डेनला जाणाऱ्या शेवटच्या गाडीत समोर दोन मुलगे बसले होते आणि चक्क मराठी बोलत होते. विद्यापीठातले असावेत.

"आनमेल्डुंग झालं का तुझं?"

"कुठे रे, टर्मिनच नाही मिळत. पुढच्या महिन्यातला दाखवतंय."

"गेनाऊ. इथे मरायलाही टर्मिन लागेल बघ."

मला हसू आलं. मी त्यांच्याकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात एकाने कानात ती इअरफोनची पांढरी बोंडं घातली आणि दुसऱ्याने डोळे मिटले. मी खिडकीकडे वळले. आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद, टर्मिन म्हणजे भेटीची ठरलेली वेळ आणि गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, एवढं मिलिंदच्या घरी राहून कळत होतं.

स्टेशनवरून ट्राम. तेच तिकीट चालतं, वेगळं काढायचं नाही. नकाशाच्या ॲपने अगदी दारापर्यंत नेलं, कुठल्या बाजूच्या फाटकातून आत जायचं तेसुद्धा दाखवलं. बेलच्या पाटीवर घरनंबर नसतो, आडनावं असतात. मंदाचं सासरचं आडनाव शोधलं. बेल दाबली, दार आपोआप गुर्रकन उघडलं आणि जिन्याच्या वरून आवाज आला, "ज्यो?"

ती तीच होती, केस पांढरे, चष्मा, आणि हसताना एका बाजूला जाणारं तोंड तेच. आम्ही जिन्यातच मिठी मारली. तिने मला पाहुण्यांच्या सपाता दिल्या. बॅग मी बुटांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. नवरा हॅनोव्हरला नोकरी करतो, शनिवार-रविवार येतो, असं ती म्हणाली. घर नीटनेटकं होतं. बैठकीत एक लांबरुंद सोफा होता, आणि खरं सांगते, मी बसायच्या आधी मनात म्हटलं, इथे छान झोप लागेल.

मसाल्याची पुडी दिली. "काहून आणलं एवढं?" ती म्हणाली आणि लगेच स्वतःच हसली. "बघ, किती वर्षांनी 'काहून' म्हटलं मी." तिने पुडीला नाक लावलं आणि डोळे मिटून उभी राहिली. मग सफरचंदाचा केक कापला, काफे ओतली. बोलायला लागलो. हॉस्टेलची मेस, मेट्रनची शिट्टी, प्रयोगशाळेत आम्ही जाळलेला पडदा. ती मधूनमधून 'या, या' म्हणत मान हलवत होती, म्हणजे हो, हो. आईबद्दल विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, शेवटच्या आठवड्यासकट. तिने माझा हात धरून ठेवला. मी आले ते बरं केलं, असं मला तेव्हा अगदी आतून वाटलं.

तिची मुलगी नीला शाळेतून आली. चौदा-पंधरा वर्षांची. "ही ज्योतीमावशी," मंदा म्हणाली. मुलगी "हालो" म्हणाली आणि छान हसली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. ती पाणी प्यायली, माझ्या बॅगेकडे बघितलं आणि आईला विचारलं, "ब्लाइब्ट झी?"

दोन महिने भाजीच्या कढईसमोर उभं राहून मी तो शब्द घोकला होता. ती राहणार आहे का?

"नाइन, नाइन," मंदा म्हणाली. नाही, नाही.

मी कपातली काफे ढवळत राहिले. साखर नव्हतीच तिच्यात. मुलीच्या आवाजात काही वाईट नव्हतं, उलट मी राहावं असंच तिला वाटत असेल कदाचित, ते मला कळलं नाही. जर्मन शिकण्याचं ते ॲप चांगलं आहे, जरूर घ्या. आपल्याला न विचारलेले प्रश्नही त्यामुळे समजतात.

पाचला थोडा वेळ उरला असेल. मंदाने ताटल्या एकावर एक ठेवल्या. "आल्झो," ती म्हणाली, म्हणजे 'तर मग', आणि मांडीवर हात टेकून उभी राहिली. "सात वाजता माझी ऑफिसची मीटिंग आहे, अमेरिकेच्या लोकांबरोबर. त्याआधी नीलाचं जेवण. तुझं हॉटेल स्टेशनजवळच आहे ना?"

"हो, जवळच," मी म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं.

तिने माझा कोट आणून दिला, धरूनही दिला, एक एक हात घालायला. बॅग तिने स्वतः उचलून जिन्यापर्यंत आणली. ती जड होती. "किती छान वाटलं गं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. मग दार बंद झालं.

बाहेर अजून उजेड होता. ट्रामच्या थांब्यावर बसून मी हॉटेलचं ॲप उघडलं. यात आधी 'स्टेशनपासून अंतर' लावा, मग 'फुकट रद्द करता येईल' ते लावा, मग किंमत बघा. पंचाहत्तर युरोला खोली मिळाली. पैसे भरताना ओटीपी खरोखरच भारतातल्या नंबरवर आला. मिलिंदला मनातल्या मनात नमस्कार केला आणि मग तिथेच थांब्यावर रडले. शेजारी एक बाई कुत्रं घेऊन उभी होती, तिने तोंड दुसरीकडे वळवलं. इथल्या लोकांचा हा सभ्यपणा आहे. त्या वेळी मला तो नको होता.

हॉटेलात माणूस नव्हता. इकडे अशी हॉटेलं बरीच आहेत. ॲपवर आकडे येतात, ते दाराच्या यंत्रावर दाबायचे, खोलीचं दारही त्याच आकड्यांनी उघडतं. कोणी या म्हणत नाही, कोणी चहा घेणार का विचारत नाही. स्वच्छ, उबदार खोली, पांढरी चादर, किटली. तक्रारीला जागा नाही. मी बॅग उघडून गाऊन काढला आणि तो हातात घेऊन पलंगावर बसून राहिले. मला मंदाचा राग आला नव्हता. मला नुसतं एवढं कळलं होतं की जिथे न विचारता बॅग टाकता येईल, असं माझं एकही दार आता राहिलेलं नाही, आणि हे कळायला मी एवढ्या लांब आले होते.

मिलिंदचा फोन आला. "पोहोचलीस ना? झाली भेट?"

"झाली. हॉटेलात आहे मी."

"बरं," तो म्हणाला. "हीटर जमतोय का? खिडकीखालचं चाक फिरवायचं, तीनवर ठेव."

मी चाक तीनवर ठेवलं. बेकरीतून आणलेला पाव आणि केळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शहर बघितलं. एल्बं नदीचा काठ अप्रतिम आहे, सकाळी चालायला जा. जुन्या शहरात कानात ऐकायच्या माहितीचं ॲप मिळतं, इमारतीसमोर उभं राहिलं की ते आपणहून बोलायला लागतं. युद्धात पडलेलं चर्च जुने काळे आणि नवे पिवळे दगड मिसळून पुन्हा उभं केलंय, ते बराच वेळ बघत राहिले. एका उपाहारगृहात कॅमेरा मेन्यूवर धरला तर भाषांतराच्या ॲपने दाखवलं, 'गरीब सरदार, व्हॅनिला सॉससह'. मागवलं. दुधाअंड्यात भिजवून तळलेला पाव निघाला, वर दालचिनी. मी एकटीच हसले. हसताना समोरच्या खुर्चीकडे बघितलं गेलं आणि तिथे माझा कोट होता.

पुलावर एका म्हाताऱ्या जोडप्याने खुणेने फोटो काढायला सांगितलं. मी काढला. मग बाईने माझा फोन मागितला आणि माझ्या आजूबाजूला बघून विचारलं, "आलाइन?" म्हणजे एकटी?

"या," मी म्हटलं, "आलाइन." हाही शब्द मला येत होता.

दुपारी मंदाचा मेसेज आला, 'काल खूप छान वाटलं. मसाला नीलानेही चाखला. डोळ्यांतून पाणी, पण दुसऱ्यांदा घेतला!' मी हसरा चेहरा पाठवला. शनिवारी परतताना बसायच्या आधी प्रत्येक डब्याची पाटी वाचली. डार्मश्टाटच्या फलाटावर मिलिंद उभा होता. त्याने काही न विचारता बॅग घेतली.

आता नागपूरला येऊन महिना होत आला. स्टाफरूममध्ये सगळ्यांना ॲप्सची नावं लिहून दिली आहेत. डॉइचलांड-टिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून महिन्याच्या दहा तारखेच्या आत ॲपमध्ये जाऊन बंद करायला विसरू नका. माझ्या फोनवरची हॉटेलची, रेल्वेची ॲप्स मी काढून टाकली. फोनने मला कुठेही फसवलं नाही. जिथे जायचं म्हटलं तिथे त्याने बरोबर नेलं.

परवा संध्याकाळी भात टाकला आणि ओट्याशी उभ्या उभ्या मंदाला लिहिलं, "मंदे, मी त्या दिवशी मुक्कामाच्या तयारीने आले होते. हॉटेल नंतर शोधलं. राग नाही, फक्त तुला सांगावंसं वाटलं."

उत्तर काल आलं. लांबलचक.

"ज्यो, मला माहीत होतं. तुझी बॅग उचलली तेव्हाच कळलं. त्याआधीही कळलं असेल. 'रहा' हा शब्द ओठांवर आला होता, आणि तोंडातून हॉटेलचं विचारणं बाहेर पडलं. ती मीटिंग मी हलवू शकले असते. इथे इतक्या वर्षांत मला कोणी रहा म्हटलं नाही, मीही कोणाला म्हटलं नाही. ते म्हणायचं कसं तेच विसरले गं. तू गेल्यावर सोफा उघडून बघितला. त्याचा पलंग होतो, आम्ही तो एकदाही उघडला नव्हता."

मी ते वाचलं, बसले, पुन्हा वाचलं. मग लिहिलं, "नागपूरला ये. खोली रिकामीच आहे. आणि परतीचं तिकीट काढून येऊ नकोस."

तिने लगेच अंगठा पाठवला. त्यानंतर बराच वेळ तिच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. मग ते थांबलं.